अंकांच्या गाठीभेटी : २१४७४८३६४७ ला कुणी भागून पाहिलं?

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या एका गावात सहावी-सातवीला गणित शिकवतो. माझा मुलगा अकरावीत कॉम्प्युटर सायन्स शिकतो. त्यानं लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्राममध्ये २१४७४८३६४७ त १ मिळवला तर उत्तर एकदम ऋण आलं. ही संख्या मूळ आहे असंही त्याच्या पुस्तकात होतं. मी त्याला सहज विचारलं, कुणी भागून पाहिलं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. दहा अंकी संख्येला कशानंच भाग जात नाही हे ठरवतात तरी कसं?

उत्तर : गुरुजी, या प्रश्नाचं ऐकीव उत्तर मी देणार नाही, कारण ही संख्या मी स्वतः भागून पाहिली आहे. १९८३ च्या मे महिन्यात, मिरजेच्या आमच्या घराच्या ओट्यावर, माझ्या वडिलांबरोबर.

मी तेव्हा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी बसले होते. अण्णा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. कॉलेजच्या लायब्ररीत मी वाचलं होतं, की २ चा ३१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की २१४७४८३६४७ येतात आणि ही संख्या मूळ आहे हे ऑयलर या गणितज्ञानं १७७२ साली दाखवलं. ऑयलर त्या वेळी रशियात सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. रात्री जेवताना मी हे सांगितलं आणि अण्णांनी अगदी तुमचाच प्रश्न विचारला, "कुणी भागून पाहिलं?" मी म्हटलं, ऑयलरनं. ते म्हणाले, "ते त्याच्यापुरतं झालं. दृष्टी गेलेल्या माणसाला जमलं, तर आपल्याला कागद-पेन घेऊन जमायला हवं."

आता हिशेब बघा. एखाद्या संख्येला भाग जात असेल, तर एक तरी भाजक तिच्या वर्गमूळाच्या आत सापडतोच. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंत साधारण ४८०० मूळ संख्या येतात. एका भागाकाराला दहा मिनिटं धरली तरी आठशे तास. उन्हाळ्याची सुट्टी काही पुरली नसती. पण या संख्येचे भाजक वाटेल त्या रूपाचे असू शकत नाहीत, आणि हीच तिची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

समजा, 'भ' नावाची एक मूळ संख्या तिला पूर्ण भागते. मग २ च्या ३१ व्या घाताला भ ने भागल्यावर बाकी १ उरणार. आता १ पासून सुरुवात करून दुप्पट करत चला आणि प्रत्येक वेळी भ ने भागून फक्त बाकी ठेवा. ३१ पावलांनंतर तुम्ही परत १ वर येता. रहाटाला ३१ पोहरे लावलेत असं समजा. दर ३१ व्या वेळी तोच पोहरा वर येतो. मधेच आधी येईल का? नाही, कारण ३१ स्वतः मूळ आहे, तिचे समान तुकडे पडत नाहीत. दुसरीकडे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा नियम सांगतो, की भ मूळ असेल तर भ वजा १ इतक्या पावलांनंतर बाकी १ यायलाच हवी. म्हणजे भ वजा १ ही ३१ च्या पटीत हवी. भ विषम आहे, म्हणून भ वजा १ सम. तेव्हा ती ६२ च्या पटीत. एवढ्या एका विचारानं भाजक ६३, १२५, १८७, २४९, ३११ अशा रांगेत येऊन उभे राहतात, बाकीचे सगळे बाहेर!

वर्गात हे दाखवायचं तर २ चा ११ वा घात वजा १ घ्या, म्हणजे २०४७. ती २३ गुणिले ८९ आहे. २३ म्हणजे २२ अधिक १ आणि ८९ म्हणजे ८८ अधिक १. दोन्ही भाजक २२ च्या पटीपेक्षा एकानं जास्त. मुलांनी हे स्वतः तपासलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मी ते तीस वर्षं पाहिले.

ऑयलरनं आणखी एक चाळणी लावली. २ च्या ३१ व्या घाताची बाकी १, तर ३२ व्या घाताची बाकी २. ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे भ च्या हिशेबात २ ही कुणाच्या तरी वर्गाची बाकी आहे. असं ज्या मूळ भाजकांच्या बाबतीत घडतं, त्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. ही चाळणी लावल्यावर रांगेतले १२५ आणि १८७ गळतात. उरतात २४८ च्या पटीत १ मिळवलेल्या आणि २४८ च्या पटीत ६३ मिळवलेल्या संख्या. ४६३४० च्या आत अशा ३७३. त्यातली ६३ ला तर ३ नेच भाग जातो. राहिल्या ३७२.

अण्णांनी त्या ३७२ संख्या फूलस्केप तावांवर उभ्या रकान्यांत मांडल्या, कचेरीच्या वळणदार अक्षरात. यातल्या ज्या स्वतः मूळ नाहीत त्यांनी भागायची गरज नाही. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. अंकांची बेरीज करून ३ चा भाग ओळखायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुपारी तांदूळ निवडून झाले की ती पेन्सिल घेऊन बसायची. तिनं एकटीनं १२४ संख्या खोडल्या आणि एकही चुकीची खोडली नाही. मग ५, ७, ११, १३ असं करत आम्ही यादी ऐंशीच्या घरात आणली.

पहिला खरा भाजक ३११. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. अण्णा प्रत्येक भागाकाराला नवाचा ताळा लावत. मूळच्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, तिची १०, तिची १. आता ३११ ची ५, ६९०५०९२ ची ४, गुणाकार २० म्हणजे २, बाकी ३५ म्हणजे ८, दोन आणि आठ दहा, म्हणजे १. ताळा जमला! मग १३०३ आला, बाकी २२६. त्यानंतर १४८९. इथे अण्णांची बाकी शून्य आली.

तो क्षण मला अजून आठवतो. दोघंही काही बोललो नाही. बाकी शून्य म्हणजे ऑयलर चुकला. अण्णांनी ताळा लावला, तो जमेना. पुन्हा पहिल्यापासून भागलं, भागाकार १४४२२३२ आणि बाकी १९९. मधल्या एका वजाबाकीत हातचा राहिला होता. त्या दिवसापासून एक भागाकार दोघांनी वेगवेगळा करायचा आणि मग ताडून बघायचा असं ठरलं.

शेवटाकडे ४६१९१ आईनंच खोडली होती. ४६१२९ नं मात्र आमची एक अख्खी संध्याकाळ घेतली. ती मूळ आहे की नाही हेच कळेना. लहान मूळ संख्यांनी भागत भागत १६३ पर्यंत पोचलो तेव्हा कळलं, ती १६३ गुणिले २८३ आहे. म्हणजे तिनं भागायची गरजच नव्हती. यादीतला खरा शेवटचा भाजक ४५९४३. भागाकार ४६७४२, बाकी १५९४१. जून लागला होता, पहिला पाऊस येऊन गेला होता. अण्णांनी ती बाकी लिहिली, खाली दुहेरी रेघ मारली, तारीख घातली आणि सही केली. तो ताव माझ्याकडे आहे.

तेव्हा गुरुजी, 'भागून पाहिलं' याचा अर्थ हा. चार हजार आठशे वेळा भागायचं नाही. कुणाला आतच येता येणार नाही हे आधी विचारानं ठरवायचं आणि उरलेल्यांना प्रामाणिकपणे भागायचं.

आज कुणी हे असं करत नाही. १८७६ मध्ये फ्रान्समधल्या ल्युकानं एक वेगळीच कसोटी शोधली आणि पुढे विसाव्या शतकात अमेरिकेच्या लेमरनं तिला आजचं साधं रूप दिलं. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येनं भागून बाकी ठेवा. पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनानं कमी वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. ३१ वर करून बघा. ती २ चा ५ वा घात वजा १ आहे, म्हणून तीन पायऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. त्याचा वर्ग १९६, वजा २, १९४, बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२, आणि ३१ ने भागून बाकी शून्य. आपल्या दहा अंकी संख्येला अशा २९ पायऱ्या लागतात. तुमच्या मुलाला हा प्रोग्राम लिहायला सांगा, दहा-बारा ओळींचं काम आहे. फक्त वर्ग करताना मोठी संख्या मावेल अशी सोय ठेवायला सांगा, नाहीतर पुन्हा तेच ऋण उत्तर येईल.

ते ऋण का येतं, हेही सांगते. संगणक ती संख्या ३२ घरांत लिहितो. पहिलं घर चिन्हाचं. उरलेल्या ३१ घरांत सगळीकडे १ आले की होतात २१४७४८३६४७. त्यात १ मिळवला की सगळी घरं शून्य होऊन हातचा थेट चिन्हाच्या घरात जातो आणि उत्तर येतं उणे २१४७४८३६४८. ही संख्या मूळ असण्याचा त्याच्याशी संबंध नाही, तो योगायोग आहे. १६ घरांच्या जुन्या यंत्रांवर हीच सीमा ३२७६७ होती आणि ती ७ गुणिले ३१ गुणिले १५१ आहे. ६४ घरांच्या सीमेलाही ७ ने भाग जातो.

आणि तुम्ही मुलाला विचारलंत ते फार बरोबर केलंत. पुस्तकात असणं पुरत नाही. इटलीत बोलोन्याच्या कताल्दीनं १५८८ मध्ये घातांक १७ आणि १९ चं काम भागून पक्कं केलं, पण २३ आणि ३७ हेही मूळ संख्या देतात असं जे तो म्हणाला ते खोटं निघालं. १६४० मध्ये फर्मानं दाखवलं, की २३ घातांकाच्या संख्येला ४७ ने आणि ३७ च्या संख्येला २२३ ने भाग जातो. फ्रेंच साधू मर्सेननं १६४४ मध्ये आपली प्रसिद्ध यादी छापली. त्याच्याच नावानं अशा संख्यांना आज मर्सेन संख्या म्हणतात. त्या यादीत ६७ आणि २५७ होते, ते चुकीचे. ६१, ८९ आणि १०७ नव्हते, ते असायला हवे होते. ६७ चं प्रकरण तर १९०३ पर्यंत चाललं. ती संख्या मूळ नाही हे ल्युकाला कळलं होतं, पण तिचे अवयव कुणालाच माहीत नव्हते. न्यूयॉर्कच्या एका सभेत कोल नावाचे प्राध्यापक फळ्यापाशी गेले, २ चा ६७ वा घात वजा १ काढला, शेजारी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला आणि दोन्ही उत्तरं सारखी आल्यावर एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले. मला ते भाषण ऐकायला, म्हणजे बघायला, फार आवडलं असतं.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे. मूळ संख्या शोधण्यावर लोक इतकी वर्षं, आता इतकी वीज खर्च करतात. या एका संख्येचा कुणाला काही उपयोग झाला का?

उत्तर : झाला. तोही अशा ठिकाणी, जिथे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो मी भल्या भल्या लेखांत वाचते. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवायला या अवाढव्य मर्सेन मूळ संख्या वापरतात, असं लिहिलेलं असतं. ते खरं नाही. तिथे शेकडो अंकांच्या, कुणालाही ठाऊक नसलेल्या मूळ संख्या लागतात. जी सगळ्या जगाला पाठ आहे ती संख्या गुपितासाठी काय कामाची?

आपल्या संख्येचा खरा उपयोग झाला तो सोडतीसाठी. संगणकाला यादृच्छिक आकडे हवे असतात, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे. १९६९ मध्ये आयबीएमच्या यंत्रांसाठी एक रीत सुचवली गेली. एक संख्या घ्या, तिला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा, तीच पुढची संख्या. १ पासून सुरुवात केली तर येतात १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, मग ९८४९४३६५८. रांगेत काही रीत दिसते का? मला नाही दिसत. आणि तरीही ही रांग १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदा घेते आणि मगच पहिल्या जागी येते. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही.

हे घडतं कारण भाजक मूळ आहे आणि १६८०७ म्हणजे ७ चा ५ वा घात हा त्याला नेमका जुळणारा गुणक आहे. जुळतो का, हे तपासायला २१४७४८३६४६ चे अवयव लागतात. ते असे : २, ३, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ यांचा गुणाकार. गुणून बघा. इतकी मोठी संख्या आणि सगळ्यात मोठा अवयव फक्त ३३१! तिच्या पुढच्याच घरात राहणारी संख्या मात्र कशानंच तुटत नाही. मला या शेजाराचं नेहमी कौतुक वाटतं. (आज गंभीर कामाला याहून चांगल्या रिती आहेत, पण ही रीत वर्षानुवर्षं चालली.)

तुमच्या धंद्यात ही संख्या आणखी एकदा भेटणार आहे. अनेक जुन्या यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून सेकंदांत, आणि तीही त्याच ३२ घरांत. ते सेकंद २१४७४८३६४७ होतील १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला ज्यांनी घरं वाढवली नसतील त्यांचं घड्याळ १९०१ सालात जाईल. तुमच्या कचेरीतल्या जुन्या यंत्रणा कुणी तपासल्या आहेत का, हे जरूर विचारा.

१८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोनं आपल्या पुस्तकात लिहिलं, की या संख्येवरून बनणारी परिपूर्ण संख्या ही माणसाला सापडणारी सगळ्यात मोठी असेल, कारण असल्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा कुणी पुढे शोधत बसणार नाही. परिपूर्ण संख्या म्हणजे जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तीच येते, जशी ६ किंवा २८. मर्सेन मूळ संख्येला तिच्या घातांकापेक्षा एकानं कमी अशा २ च्या घातानं गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडपासून माहीत आहे. आपल्या संख्येवरून मिळते ती २३०५८४३००८१३९९५२१२८. बार्लोनंतर पासष्ट वर्षांनी ल्युकानं घातांक १२७ ची ३९ अंकी संख्या मूळ आहे हे हातानं सिद्ध केलं, आणि १८८३ मध्ये रशियातल्या एका खेड्यातल्या पेर्वुशिन नावाच्या धर्मगुरूनं घातांक ६१ ची. हे लोक उपयोगासाठी शोधत नव्हते. मी आणि अण्णाही नव्हतो.

आज माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. घातांक १३६२७९८४१, आणि अंक ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. जगभरातले हौशी लोक आपापले संगणक लावून १९९६ पासून हा शोध मिळून करत आहेत.

प्रश्न : ५ मूळ आहे. २ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१, मूळ. २ चा ३१ वा घात वजा १ मूळ. मग २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १ हाही मूळच असणार ना? (बडोद्याहून एक निवृत्त वाचक)

उत्तर : तुमच्या जागी मी असते तर हाच अंदाज केला असता. पण साखळी इथे तुटते.

त्या संख्येला ६४ कोटींहून जास्त अंक आहेत. ती अजून कुणी कागदावर पूर्ण लिहिलेली नसेल. तरीही तिला २९५२५७५२६६२६०३१ नं भाग जातो, हे १९८३ मध्ये सापडलं. आम्ही मिरजेत धाकटीला भागत होतो त्याच वर्षी! वर सांगितलेला नियम इथेही चालतो. या भाजकातून १ वजा करा आणि २१४७४८३६४७ च्या दुपटीनं भागा, बरोबर ६८७४५ येतात, बाकी काही नाही.

६४ कोटी अंक न लिहिता भाग कसा तपासला? पूर्ण संख्या लागतच नाही. २ चा वर्ग करत जायचा, गरज पडेल तिथे दुप्पट करायची आणि दर पावलाला पंधरा अंकी भाजकानं भागून बाकी तेवढी ठेवायची. एकतीसेक वेळा वर्ग केला की त्या प्रचंड घाताची बाकी हातात येते. ती १ आली, की झालं.

२ पासून सुरू केलं तर साखळी जरा लांब चालते : २, ३, ७, १२७, आणि मग ल्युकाची ३९ अंकी संख्या. पाचही मूळ. सहावी मूळ आहे की नाही, हे आजवर कुणालाही ठरवता आलेलं नाही. १३ पासून सुरू केली तर ८१९१ मूळ येते आणि पुढच्याच पायरीला साखळी तुटते.

प्रश्न : मी नववीत आहे, रत्नागिरीला राहते. मला सुट्टीत एखादी मोठी संख्या स्वतः तपासायची आहे. कॅल्क्युलेटर चालेल का?

उत्तर : चालेल. पण भागाकार आणि बाकी वहीत लिही आणि प्रत्येकाला नवाचा ताळा लाव. अण्णांनी मला घातलेली अट मी तुला घालते आहे.

संख्या देते : ५३६८७०९११. हा २ चा २९ वा घात वजा १ आहे. २९ मूळ आहे, म्हणून वरचा विचार जसाच्या तसा चालेल, फक्त ६२ च्या जागी ५८ घ्यायचे. ५८ च्या पटीत १ मिळवून रांग तयार कर : ५९, ११७, १७५, अशी. प्रत्येकीला ८ ने भाग. बाकी १ किंवा ७ असेल तीच ठेव. जी उरेल ती स्वतः मूळ आहे का ते बघ, नसेल तर खोड. वर्गमूळ २३१७० च्या किंचित पुढे आहे, म्हणजे जास्तीत जास्त तिथपर्यंत जावं लागेल.

घाई करू नकोस. पहिला भाजक हाती लागला की शांतपणे भाग, ताळा लाव, आणि बाकी काय आली ते मला पोस्टकार्डावर कळव.